भाड्याची खोली आणि मीटरचा आकडा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या अकोल्याच्या बसस्थानकावर एक ठरावीक दृश्य दिसू लागतं. राजूर, शेंडी, कोतूळ, समशेरपूर अशा बाजूंनी आलेल्या गाड्यांतून बापलेक उतरतात. बापाच्या हातात पिशवी, पिशवीत गुणपत्रिका आणि दाखले. लेकाच्या पाठीवर दप्तर. आधी कॉलेजात प्रवेशाची रांग, मग वसतिगृहाच्या यादीची चौकशी. तिथे नंबर लागला नाही की दुपारनंतर गल्लोगल्ली एकच प्रश्न : "खोली आहे का हो भाड्याने?"

आमच्या दारात हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा आमच्याकडे खोली नव्हती. आता वरच्या मजल्यावर तीन आहेत. त्या कशा झाल्या ते सांगते, कारण आपल्या बहुतेक घरांत असाच विचार होत असणार. माझ्या पगारातून मागे टाकलेले, मुलांच्या अब्बांच्या धंद्यातून उरलेले आणि एक छोटा प्लॉट विकून आलेले असे मिळून नऊ लाख रुपये हाताशी होते. ठेवायचे कुठे? बँकेत मुदत ठेव केली की व्याज आलं. शेअर बाजार आम्हाला कळत नाही. सोनं घेतलं की ते कपाटात बसतं आणि कपाटाची काळजी आपल्या डोक्यात बसते. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला, "वर खोल्या बांधा. किराया हलाल असतो आणि घर बोलतं राहतं."

किराया हलाल असतो हे खरंच आहे. फिकहच्या पुस्तकांत भाड्याच्या व्यवहाराला 'इजारा' म्हणतात आणि हाच शब्द आपल्या मराठीतही इजारदाराच्या रूपाने नांदतो आहे. पण भाडं हलाल म्हणून तीन खोल्या बांधल्या आणि काम संपलं असं होत नाही, हे मला अकरावीतल्या एका मुलाने शिकवलं. त्याच्याकडे वळण्याआधी पैशाचं बोलून घेते. या सदराच्या निमित्ताने भेटणाऱ्या भगिनी सगळ्यात आधी तेच विचारतात : "मॅडम, परवडतं का?"

आमचाच हिशेब मांडते. तीन खोल्या, प्रत्येकीचं भाडं २,५०० रुपये. म्हणजे महिन्याला ७,५०० आणि वर्षाला ९०,०००. कागदावर हे फार छान दिसतं. पण विद्यार्थी परीक्षा संपताच गावी जातात आणि पुन्हा खोल्या भरेपर्यंत जून सरत येतो. म्हणून भाडं मिळतं दहा महिन्यांचं, ७५,०००. त्यातून वाढलेली घरपट्टी, दरवर्षीचा चुना, एक जळालेली मोटर, दोन तुटलेले नळ, टाकीची सफाई असे मिळून आमचे सोळा हजार गेले. उरले ५९,०००. नऊ लाखांवर साडेसहा टक्के, आणि त्यात जागेची किंमत धरलेलीच नाही, कारण जागा आमचीच होती. बांधकाम जुनं होत जाईल तसा दुरुस्तीचा आकडा वाढत जाणार हेही धरलेलं नाही.

म्हणून कुणी कर्ज काढून भाड्यासाठी खोल्या बांधतो म्हटलं की मी स्पष्ट सांगते, बांधू नका. एक तर व्याज टाळायला निघालात आणि व्याजातच शिरलात. शिवाय साध्या गणितानेही भाडं सगळं हप्त्यात जाईल आणि वर पदरचे घालावे लागतील. साठलेला पैसा असेल, स्वतःची जागा असेल आणि वर-खाली करायला घरातलं माणूस असेल, तरच या वाटेला जावं.

दुसरी एक गोष्ट आमच्या तालुक्यापुरती. राजूर, भंडारदऱ्याकडे पर्यटक वाढले तसे आपल्यातले काही जण तिकडे रस्त्याकडेची जागा भाडेपट्ट्याने घेऊन दुकान, हॉटेल टाकायचं म्हणतात. त्यांनी आधी सातबारा पाहावा. जमीन आदिवासी बांधवाची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे बिगर-आदिवासीला ती विकताच येत नाही असं नाही, पण विक्री, गहाण, भाडेपट्टा यांतलं काहीही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून करता येत नाही. भाडेपट्टा पाच वर्षांच्या वरचा असेल तर त्याला शासनाची मान्यताही लागते. शंभराच्या स्टॅम्पवर दोघांनी सह्या केल्या म्हणजे झालं, या भ्रमात राहू नये. आणि परवानगी नसताना एखाद्या गरजू माणसाकडून कोऱ्या कागदावर अंगठा घेणं हा नुसता बेकायदा प्रकार नाही, तो जुलूम आहे.

आता मीटर. आमच्या घराला विजेची जोडणी एकच. खोल्या झाल्यावर वायरमनने प्रत्येक खोलीला छोटं सबमीटर लावून दिलं. "युनिटला काय घेतात सगळे?" म्हणून आजूबाजूला विचारलं, तर उत्तर आलं पंधरा रुपये. आम्हीही पंधरा लावले. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या वर्षी अकरावी सायन्सचा एक मुलगा राहायला आला. शांत, मान खाली घालून जिना चढणारा. तिसऱ्या महिन्यात तो भाडं द्यायला आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, लाइटबिल बघायला मिळेल का?"

खरं सांगते, मला राग आला. माझ्या घरात राहून मलाच हिशेब विचारतो! पण शिक्षिकेला मुलाने प्रश्न विचारला आणि ती रागावली, तर तिने खडू ठेवून द्यावा. मी बिल आणून दिलं. त्याने तिथेच उभ्या-उभ्या वहीच्या मागच्या पानावर मांडलं. त्या महिन्याचे एकूण युनिट २५०, बिल २,७५० रुपये. म्हणजे सरासरी युनिटला अकरा रुपये. तिन्ही खोल्यांचे मिळून युनिट ९०. अकराने ९९० रुपये झाले. आम्ही पंधराने घेतले १,३५०. वही माझ्यासमोर धरून तो काही बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती. ३६० रुपये आमच्या घराच्या पंख्या-फ्रिजचे होते आणि ते भरत होती डोंगरातल्या गावांतून आलेली तीन पोरं.

मापात कमी देणाऱ्यांच्या नावाने कुरआनमध्ये एक संपूर्ण सूरह आहे. आपण ती वाचताना डोळ्यासमोर किराणा दुकानाचा तराजू आणतो. माझ्या डोळ्यासमोर तेव्हापासून जिन्याखालचं सबमीटर येतं.

यात आणखी एक गुंता आहे, तोही समजून घ्या. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या शंभर युनिटांना कमी, १०१ ते ३०० ला बराच जास्त, त्यापुढे आणखी. चार बिऱ्हाडं एका मीटरवर आली की सगळ्यांचे युनिट एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातात. स्वतंत्र जोडणी असती तर तीस युनिट जाळणारा मुलगा सगळ्यात स्वस्त टप्प्यात राहिला असता. म्हणजे सरासरी दर लावला तरी त्याच्यावर थोडा भार पडतोच. पूर्ण न्याय हवा तर स्वतंत्र जोडणी घ्यावी. विद्युत कायदा, २००३ प्रमाणे मालक किंवा ताबेदार कुणीही जोडणी मागू शकतो. कुटुंबाला भाड्याने देत असाल तर हेच करा, पुढची सगळी भांडणं वाचतात. विद्यार्थ्यांच्या एकेका खोलीला ते जड जातं. तिथे आम्ही आता बिलाची रक्कम भागिले एकूण युनिट असा दर काढतो आणि बिलाचा फोटो मुलांना पाठवतो. घरातला गाळा दुकानाला दिला असेल तर घरगुती मीटरवर दुकान चालवू नका. तपासणीत सापडलं तर तो विजेचा अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते.

मीटरनंतर अनामत. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकलेल्या माणसाला काही शब्द थांबवून ठेवतात, त्यांतला हा एक. मराठीतलं 'अनामत' म्हणजे आपलं 'अमानत'च, अक्षरं जागा बदलून बसलेली. पण आपण डिपॉझिट म्हणतो आणि अर्थ विसरतो.

बी.एड. करताना मी पुण्यात एका वाड्यात खोली घेऊन राहिले होते. त्याआधी चार घरं फिरले होते. दोन ठिकाणी नाव विचारलं आणि नाव सांगितल्यावर खोली "आत्ताच दिली हो" असं झालं. पाचव्या ठिकाणी मिळाली. मालकीणबाई वागायला चांगल्या होत्या, पण वर्ष संपल्यावर अनामत परत मागितली तर भिंतीला चुना, खिडकीची काच, नळाचा वॉशर अशी यादी पुढे आली. काच मी गेले तेव्हाच फुटलेली होती. मात्र तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. दोन महिन्यांच्या जेवणाचे पैसे तिथे राहिले. त्या संध्याकाळी बसमध्ये मी ठरवलं होतं, कधी आपलं घर झालं तर असं करणार नाही.

आणि घर झाल्यावर काय केलं? तीन मुलांचे पाच-पाच हजार, म्हणजे पंधरा हजार आले, आणि त्याच आठवड्यात ते लोखंडी जिन्याच्या रंगाला आणि ईदच्या खरेदीला गेले. डिसेंबरात एका मुलाचे वडील आजारी पडले, त्याला शिक्षण सोडून गावी जावं लागलं. तो अनामत मागायला आला तर घरात पैसे नव्हते. मी त्याला म्हणाले, "नवीन मुलगा आला की देते." माझ्याच तोंडून ते वाक्य ऐकून मला पुण्यातला वाडा आठवला. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या सहकारी बाईंकडून उसने घेतले आणि त्याला दिले.

तेव्हापासून अनामतीचं खातं वेगळं. पोस्टात, माझ्या नावावर, आणि एटीएम कार्ड कपाटाच्या वरच्या खणात. उलमा सांगतात की ठेवायला दिलेली रक्कम आपण वापरली की ती आपल्या अंगावरचं कर्ज होते, आणि कर्ज फेडायला सबब चालत नाही. खोली देताना आता मी मोबाइलवर चारही भिंतींचे, नळाचे, काचांचे फोटो काढते आणि मुलाच्या बापालाही पाठवते. दोन मिनिटांचं काम आहे. जाताना तेच फोटो समोर ठेवून हिशेब करायचा. वापराने उडालेला रंग मालकाचा, फोडलेली काच भाडेकरूची.

याच ठिकाणी 'हेवी डिपॉझिट'बद्दल लिहिते, कारण मुंबई, भिवंडी, मालेगावकडचे नातेवाईक आले की हा विषय निघतो. तीन-चार लाख एकदम द्यायचे, घर वापरायचं, भाडं द्यायचं नाही किंवा नावाला द्यायचं, आणि करार संपला की पूर्ण रक्कम परत घ्यायची. दोघांनाही वाटतं आपण व्याजातून सुटलो. पण नीट पाहा. पैसे दिले ते कर्ज झालं, आणि त्या कर्जाच्या बदल्यात घराचा फुकट वापर मिळाला. कर्जावरचा फायदा म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. अनेक उलमांनी हा प्रकार नाजायज म्हटला आहे. आणि दुनियेच्या हिशेबानेही तो धोक्याचा आहे. मालकाने ते चार लाख मुलीच्या लग्नात घातले असतील तर परत कुठून देणार? पुढच्या भाडेकरूच्या चार लाखांतून. तो मिळाला नाही की पहिला हलत नाही, आणि मग दोन कुटुंबं कोर्टाच्या पायरीवर.

कागदाचं बोलू. आपल्याकडे दोन टोकं आहेत. एक म्हणतात, "आपल्यातलाच आहे, कागद कशाला?" दुसरे म्हणतात, "भाडेकरू ठेवूच नये, बारा वर्षांनी घर त्याचं होतं." दोन्ही चूक.

भाडेकरू घर बळकावतो ही भीती आली कुठून? मुंबईतून. तिथे १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवलं. युद्धानंतर घरांची टंचाई होती, लोकांना रस्त्यावर येऊ द्यायचं नव्हतं, हेतू चांगला होता. पण भाडी तशीच राहिली आणि महागाई कुठल्या कुठे गेली. मालक दुरुस्ती करेनात, भाडेकरू सोडेनात, पागडी देऊन घरं हातोहात फिरू लागली. शेवटी डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सांगितलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता अवाजवी झालं आहे. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला. जुन्या भाडेकरूंचं भाडं वर्षाला चार टक्क्यांनी वाढवायची मुभा त्यात मिळाली. म्हणजे आपण अकोल्यात बसून जी भीती बाळगतो ती गिरगाव-भेंडीबाजारच्या चाळींची आहे. बारा वर्षांचं म्हणाल तर तो नियम मालकाच्या विरोधात, मालकी नाकारून केलेल्या ताब्याचा आहे. जो माणूस तुमच्या परवानगीने राहतो आणि भाडं देतो, तो बारा काय वीस वर्षं राहिला तरी एवढ्यावरून मालक होत नाही. मात्र तो तुमच्या परवानगीने राहतो याचा कागद हवा.

तो कागद म्हणजे लिव्ह अँड लायसन्सचा करार. अकरा महिन्यांचा असेल तर नोंदवावा लागत नाही, असं आपल्याकडे पक्कं डोक्यात बसलं आहे. नोंदणीच्या जुन्या केंद्रीय कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे, तिथून हे आलं. पण १९९९ च्या राज्याच्या कायद्यातलं कलम ५५ म्हणतं की करार, मग तो भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, लेखी हवा आणि नोंदलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास शिक्षेची तरतूद आहे, पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदलेला करार नसताना वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. हा कायदा कोणत्या गावांना लागू आहे ते त्याच्या परिशिष्टांत आहे. पण गाव यादीत असो-नसो, करार नोंदवण्यात मालकाचं नुकसान काहीच नाही.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का. आमच्या खोलीचं अकरा महिन्यांचं भाडं २७,५००, त्यात अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरून ५०० मिळवले की २८,०००. त्याचा पाव टक्का सत्तर रुपये, म्हणजे शंभराची नोट. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि शहरी भागात १,०००. करार ऑनलाइन होतो. आधारवर अंगठ्याचा ठसा घेऊन घरबसल्या नोंद करून देणारे लोक आता तालुक्यालाही आहेत, त्यांची फी वेगळी.

यात दोन अडचणी आल्या, त्या सांगून ठेवते. एक, अकरावी-बारावीचा मुलगा अठराच्या आतला असतो. त्याची सही कराराला चालत नाही, सही बापाची किंवा आईची हवी. दोन, ज्याने आयुष्यभर भातखाचरात आणि दगडमातीत काम केलं त्याच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. एका वडिलांची दहा बोटं झाली, मशीन लाल दिवाच दाखवी. ते कसनुसं हसत म्हणाले, "बाई, हात झिजले." तेव्हा दुसरं काही नाही, एक दिवस ठरवून दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जावं लागलं. त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडाली, ती आम्ही भाड्यात वजा केली.

कागद फक्त मालकाच्या कामाचा असतो असंही नाही. वसतिगृहात नंबर न लागलेल्या आदिवासी, मागासवर्गीय मुलांना बाहेर राहण्यासाठी शासनाच्या स्वयं, स्वाधार अशा योजनांतून मदत मिळते. तिथे तू कुठे राहतोस याचा पुरावा मागतात. मालकाने करार दिला नाही तर त्या मुलाचा अर्ज अडतो. भाड्याचं उत्पन्न दिसू नये म्हणून करार टाळणारे लोक आहेत. त्यांच्या चार पैशांच्या भीतीपोटी मुलाची वर्षाची मदत जाते.

आणि ही भीतीही फुकाचीच. प्राप्तिकराच्या हिशेबात भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यातून सरसकट तीस टक्के दुरुस्ती-देखभालीपोटी वजा होतात, मग उरेल ते उत्पन्नात धरलं जातं. घरपट्टीची पावती तेवढी जपून ठेवा. जकातीचं विचाराल तर भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या इमारतीच्या किमतीवर जकात नाही. भाड्यातून खर्च जाऊन जे साठतं ते आपल्या इतर रकमेत मिळवायचं आणि वर्ष भरलं की निसाबाप्रमाणे अडीच टक्के काढायचे.

मुदत संपली आणि राहणारा निघत नसेल तर? कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळाची भरपाई ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने मागता येते. नोंदलेला करार इथेच उपयोगी पडतो. सामान बाहेर फेकणं, कुलूप घालणं, पाणी-वीज तोडणं यातलं काही करू नका. पाणी आणि वीज तोडायला तर कायद्याने स्पष्ट मनाई आहे. आणि माणुसकीनेही आहे. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याही घरात तान्हं मूल असतं.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देण्यावरून आपल्या लोकांत कुरबुर असते. मी ती देते, सगळ्यांची देते, जो मुलगा येईल त्याची. ओळखीचा म्हणून एकाला सूट आणि अनोळखी म्हणून दुसऱ्याला तपासणी, असं केलं की मुलांच्या लगेच लक्षात येतं.

खोली कुणाला द्यायची हा प्रश्न मात्र फॉर्म भरून सुटत नाही. पुण्या-मुंबईत नावावरून घर नाकारलं की आपण चिडतो आणि चिडणं योग्यच आहे. पण परवा आमच्याच गल्लीत एका घरी, "ती डोंगराकडची पोरं नको, सुकट शिजवतात, चार-चार जण येऊन राहतात" असं ऐकलं. मी तिथेच विचारलं, "भाभी, आपल्याला पुण्यात काय म्हणून नाकारतात?" त्या गप्प बसल्या. चार जण राहण्याची अडचण खरी आहे, तर करारात लिहा की दोघंच राहतील. सुकटीचा वास येतो, तर खिडकीला पंखा लावा. आमच्या खिडकीला लावला, आठशे रुपये लागले. माणूस नाकारायला एवढं कारण पुरेसं आहे का, ते आपण पाचव्या घरापर्यंत चालत गेलेल्यांनी तरी स्वतःला विचारावं.

आता जे लिहिणार आहे ते लिहू की नको असं दोन महिने चाललं होतं. माझ्या माहेरी, संगमनेरला, अब्बांचे दोन गाळे आहेत. दोन्ही भाड्याने दिलेले, महिन्याचे १६,००० येतात. अब्बांचा इंतकाल होऊन सहा वर्षं झाली. भाडं भाऊ घेत होता. भाऊ वाईट नाही. अम्मीचं औषधपाणी तोच बघतो, आम्ही बहिणी गेलो की साड्या-कपडे करतो. पण करारावर मालक म्हणून त्याचं एकट्याचं नाव, आणि आम्हाला तो करार झाल्याचंही ठाऊक नव्हतं.

वारशाचा हिशेब तर अवघड नाही. मुलं असताना बायकोचा आठवा हिस्सा. १६,००० मधले अम्मीचे २,०००. उरले १४,०००, त्यात मुलाला दोन वाटे आणि मुलींना एकेक. भावाचे ७,०००, आपाचे ३,५०० आणि माझे ३,५००. माणूस गेला त्या दिवसापासून मिळकत सगळ्या वारसांची होते आणि तिचं भाडंही त्याच हिश्श्याने सगळ्यांचं. वाटणी झाली नाही म्हणून भाडं एकाचं होत नाही.

मी हे भावाजवळ काढलं ते गेल्या रमजानमध्ये, इफ्तारनंतर, बरंच पाणी पिऊन. तो म्हणाला, "तुम्ही तर माफ केलं होतं ना?" आम्ही कधी माफ केलं होतं? अब्बांच्या चाळिसाव्याला कुणीतरी मोठ्या माणसाने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "पोरींना काही नको ना?" आणि आपा रडत-रडत नाही म्हणाली होती. मी काहीच बोलले नव्हते. ते माफ करणं धरलं गेलं. भगिनींनो, हे तुमच्या घरातही झालं असेल. रडणाऱ्या बाईला भरल्या घरात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हा काही करार नव्हे.

भाऊ आठवडाभर बोलला नाही. मग शव्वालच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या खात्यात ३,५०० आले, शेजारी फक्त 'गाळा' असं लिहिलेलं. तेव्हापासून दर महिन्याला येतात. मागच्या सहा वर्षांचं मी मागितलेलं नाही. अम्मीचं सगळं त्याने केलं, तो खर्च धरला तर काय निघेल ते निघो. आपा मात्र घेत नाही. म्हणते, "माहेरचं दार राहू दे उघडं." मी तिला खूप समजावलं. तिचे ३,५०० भावाने अम्मीच्या खात्यात वेगळे ठेवायला सुरुवात केली आहे. गाळ्यांचे नवे करार दिवाळीनंतर होतील, त्यात चौघांची नावं लिहायची असं ठरलं आहे. नगरपालिकेच्या उताऱ्यावर वारस लावायचे अजून बाकी आहेत, त्याशिवाय करार करता येणार नाही म्हणून तो कागद आधी. ज्यांच्या घरी आईबाप हयात आहेत त्यांनी आत्ताच भाड्याच्या जागांचे उतारे काढून नावं बघून ठेवावीत.

यंदा आमच्या तिन्ही खोल्या जूनच्या तिसऱ्या आठवड्यात भरल्या. त्या हिशेबवाल्या मुलाची बारावी झाली, तो आता पुढच्या शिक्षणाला नाशिकला आहे. जाताना अनामत मोजून घेतली आणि मीटरचा शेवटचा आकडा स्वतः जिन्याखाली वाकून वाचला. त्याची वही तो इथेच ठेवून गेला. खिळ्याला टांगलेली आहे. दर एक तारखेला वरून कुणीतरी उतरतं, आकडा लिहितं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ओरडून सांगतं. परवा नवीन आलेल्या पोराने सांगितलं, "मॅडम, एक नंबर खोली चारशे बारा." मी म्हटलं, "मला नको सांगूस, आधीचा वजा कर."